जुन्या जिनिंगचे फोटो नुसत्या उन्हावर कसे काढायचे

विदर्भात जुन्या कारखान्यांना तोटा नाही राजेहो. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, धामणगाव, कारंजा, खामगाव, मूर्तिजापूर, कुठंही उतरा, स्टेशनच्या नाहीतर जुन्या कापूस मार्केटच्या आसपास एखादं बंद पडलेलं जिन-प्रेस दिसतंच, भिंतीत पिंपळ, पत्रे अर्धे उडालेले, धुराडं मात्र ताठ उभं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली, १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि त्या काळात कापसाच्या पट्ट्यात गावोगाव जिन-प्रेस उभी राहत गेली, कारण कापूस बोरीत भरून सरकीसकट मुंबईला नेण्यापेक्षा इथंच सरकी काढून रुईच्या गाठी दाबून पाठवणं परवडे. त्यातलं बरंचसं आता पडून आहे. पोरं तिथं जाऊन फोटो काढून राहिली, चांगलीच गोष्ट आहे, पण दहातले नऊ फोटो एकसारखे. भर दुपारी काढलेला, समोरून, वरून एचडीआर (उजळ आन् काळे भाग दोन्ही दाखवायची मोबाईलची सोय) हाणलेला, भिंत पिवळीजर्द आन् आभाळ निळंगार.

तर हे नव्या लोकांसाठी लिहितोय. फ्लॅश नाही, लाइट नाही, साधा मोबाईल असला तरी भागतं. एक गोष्ट तेवढी डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यातूनच निघतं: यातल्या कितीतरी इमारती आपल्याकडं वीज यायच्या आधीच्या आहेत. खाली वाफेचं इंजिन, वर पट्टे, चोहीकडं कापूस, अशा जागी कंदील घेऊन कोण फिरणार? म्हणून दिवसाचा उजेड आत कुठून येईल, किती येईल हे बांधणाऱ्यानं भिंत उचलायच्या आधीच ठरवलेलं असे. त्यानं काय ठरवलं होतं ते शोधून काढा, मग कधी जायचं आन् कुठं उभं राहायचं हे कोणाला विचारायची गरज पडत नाही.

आधी विचारून आत जा

बंद आहे म्हणजे बेवारस आहे असं नसतं. कुठं भावकीचा वाद कोर्टात असतो, कुठं जागा बँकेकडं गहाण, कुठं सरकारी महामंडळाची मिल, आणि जवळपास सगळीकडं एक चौकीदार काका असतात. त्यांना भिंतीवरून उडी मारलेला पोरगा दिसला की तो भंगारचोरच, त्यात त्यांची काही चूक नाही. दरवाज्यातून जायचं, नमस्कार करायचा, "काका, जुन्या इमारतीचे फोटो काढायचे होते, मालकांना फोन लावून विचारता का?" एवढंच बोलायचं. बहुतेक वेळा होकार मिळतो, आणि काका स्वतः तिथं कामाला राहिलेले असले तर बॉयलर कुठं होता, प्रेस कुठं होती, ऊन कोणत्या खिडकीतून कधी येतं हेही सांगतात, जे तुम्हाला कोणत्याच ॲपवर सापडणार नाही.

पुलगावला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, तिथं लष्कराचा दारूगोळा डेपो आहे, त्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही. भद्रावतीच्या आयुध निर्माणीच्या भोवती पण तेच. रेल्वेच्या हद्दीतला जुना गुदाम नाहीतर शकुंतला या जुन्या नॅरोगेज गाडीचं एखादं स्टेशन काढायचं असेल तर आधी रेल्वेवाल्यांना विचारा. ड्रोन घरीच राहू द्या.

आन् जिवाचं पाहा. जिनिंगच्या फरशीखाली शाफ्ट फिरायचे त्याचे खड्डे असतात, वरून कचऱ्यानं झाकलेले, पाय गेला तर गेलाच. सडलेल्या लाकडी माळ्यावर चढायचं नाही. धुराड्यावर नाहीतर छपराच्या कोपऱ्यात आग्यामोहोळ असतंच असतं, तिथं बोंबलायचं नाही, अत्तर-बित्तर मारून जायचं नाही. पावसाळ्यात तरोटा आन् गाजरगवत कमरेएवढं वाढतं, साप दिसत नाही, म्हणून बूट पाहिजेत, चप्पल नाही. एकटं तर जाऊच नका.

मग दिशा काढा

कॅमेरा बॅगेतच राहू द्या. घरी बसूनच मोबाईलच्या नकाशावर सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि इमारत शोधा. लांबडी बाजू कुठं तोंड करून आहे, धुराडं कोणत्या कोपऱ्यात आहे, भोवती झाडं किती, हे वरूनच दिसतं. जागेवर गेल्यावर मोबाईलचं होकायंत्र लावून बघा पण बाहेर, मोकळ्यात. आत लोखंडी खांब आन् मशिनी असल्यावर ते काहीही दाखवतं.

छपराकडं नीट पाहा, कारण उजेडाचा सगळा हिशोब तिथंच आहे. मिलच्या मोठ्या शेडवर कधीकधी आरीच्या दात्यासारखं छप्पर दिसतं, एक उतार लांब पत्र्याचा नाहीतर कौलांचा आणि दुसरी बाजू उभी, काचेची. ही काच जवळजवळ नेहमी उत्तरेकडं असते. आपल्याकडं सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडून जातो, त्यामुळं उत्तरेच्या काचेतून थेट ऊन येत नाही, फक्त आभाळाचा मऊ उजेड येतो, दिवसभर जवळपास सारखा. सूत तुटलेलं कामगाराला दिसलं पाहिजे आणि त्याच्या डोळ्यावर तिरीप पण नाही आली पाहिजे, यासाठी ती सोय. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की अशा शेडमध्ये अकरा वाजता जा नाहीतर तीन वाजता, खांबांच्या रांगा, मशिनींचे पाय, माणसाचा चेहरा, सगळं छान येतं. पण तिथं उन्हाचे झोत शोधत बसाल तर रिकाम्या हातानं परत याल, कारण ते येऊ नयेत म्हणूनच ती शेड तशी बांधली. अपवाद मे-जूनचा. तेव्हा सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ तिरपं ऊन त्या काचेतूनही आत शिरतं. कोणाला असा फोटो पाहिजे असेल तर तेवढेच दिवस.

साध्या जिनिंगचं छप्पर वेगळं. दोन पाखी छप्पर, वर आढ्याला हवेसाठी उचललेला भाग, दोन्ही टोकाच्या त्रिकोणी भिंतीत गोल नाहीतर कमानीची खिडकी. या टोकाच्या भिंती पूर्व-पश्चिम असतील तर तुमचं नशीब, सकाळी एका गोल खिडकीतून आणि संध्याकाळी दुसऱ्या बाजूनं ऊन लांबपर्यंत आत पडतं. उत्तर-दक्षिण असतील तर हिवाळ्यातली दुपार पकडा, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येतं.

कोणता महिना, किती वाजता

आपण साधारण वीस-एकवीस अंश अक्षांशावर आहोत. याचा हिशोब एकदा समजून घ्या म्हणजे ॲपची गुलामी संपली. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सुद्धा सूर्य क्षितिजापासून पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशच वर चढतो, म्हणजे धुराड्याची सावली जवळपास धुराड्याएवढीच पडते, बरोबर उत्तरेला. उलट मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्याला दुपारी ऊन सरळ डोक्यावरून पडतं, भिंतीला सावलीच राहत नाही, जे काही ऊन लागतं ते भिंतीला वरून खरवडत जातं. आणि डोक्यावर म्हणजे घड्याळात बारा नाही, आपल्याकडं साधारण सव्वाबारा, अकोला-बुलढाण्याकडं आणखी सात-दहा मिनिटं पुढं.

मावळायच्या तासभर आधी सावली उंचीच्या चार-पाच पट लांब होते, अर्ध्या तासावर आणखी दुप्पट. लोक याला गोल्डन अवर म्हणतात आणि फक्त तेवढ्यासाठीच जातात, मला ते अर्धवट वाटतं. विटांच्या भिंतीसाठी सगळ्यात चांगलं ऊन ते, जे भिंतीला जवळजवळ समांतर घासत जातं, आणि ते कधी येईल हे भिंतीच्या तोंडावर अवलंबून आहे, सोनेरी रंगावर नाही. दक्षिणेकडं तोंड असलेल्या भिंतीला हिवाळ्यात सकाळी आठ-साडेआठला बाजूनं ऊन लागतं, प्रत्येक विटेची कड, चुन्याची दर्ज, उडालेला गिलावा, जुन्या पाटीची उठावाची अक्षरं सगळं उठून दिसतं. तीच भिंत बारा वाजता समोरून ऊन खाते आणि सपाट कागद होऊन जाते. उत्तरेच्या भिंतीला तर हिवाळाभर ऊनच नाही, तिचा फोटो पाहिजे तर मे-जूनमध्ये सकाळी सातच्या आत जा, आपल्याकडं तेव्हा साडेपाच-पावणेसहालाच सूर्य वर येतो आणि उकाडाही सोसवण्यासारखा असतो.

नव्या माणसानं सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी हे उत्तम. ऊन दिवसभर तिरपं, हवा बरी, गवत वाळलेलं. मे महिन्यात दुपारी जाऊ नका, पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या शेडमध्ये फोटो काय निघणार, मोबाईलच गरम होऊन बंद पडतो.

ढगाळ दिवस वाया गेला असं मात्र समजू नका. जर्मनीतलं बर्न्ड आणि हिला बेखर हे जोडपं १९५९ पासून कितीतरी वर्षं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळशाच्या खाणींचे मनोरे काढत राहिलं आणि ते मुद्दाम ढगाळ आभाळच पाहत, कारण सावली नसली की इमारतीचा आकार स्वच्छ दिसतो. आपल्या मृगाच्या ढगात एखादं धुराडं तसं सरळ, समोरून काढून पाहा. सावलीची सवय लागलेल्या माणसाला ते आधी कोरडं वाटतं, मग आवडायला लागतं.

बाहेरून काढताना

इमारतीला एक पूर्ण चक्कर मारा, फोटो न काढता. मग ऊन पाठीमागं घेऊन उभं राहायची सवय सोडा. शाळेच्या ग्रुप फोटोला ते ठीक, इथं ऊन तुमच्या डाव्या नाहीतर उजव्या खांद्यावरून आलं पाहिजे. त्यानं एक भिंत उजळ आणि तिला लागून असलेली भिंत काळी होते, आणि दोन्हींच्या मधली कड सरळ रेघ मारल्यासारखी दिसते. इमारतीला घनपणा येतो तो यातूनच.

सावली कुठून येते तेही पाहा. बऱ्याचदा इमारतीपेक्षा तिच्या अंगावर पडलेली दुसऱ्याच कशाची सावली भारी असते, कडुनिंबाची, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायांची, धुराड्याची अख्खी पट्टी शेडच्या पत्र्यावरून वळत गेलेली. ही पट्टी सरकते, म्हणून जागा धरून थांबा.

मोबाईल आडवा धरा, वर न झुकवता सरळ, ग्रिड (पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू करा. वर पाहून काढलं की भिंती आत झुकतात, धुराडं पडतंय असं वाटतं. मागं सरका, उंच जागा शोधा, शेजारच्या घराची गच्ची मागा. अल्ट्रावाइड लेन्स सगळं मावतं म्हणून लावू नका, कडेच्या भिंती ताणल्या जातात.

आतमध्ये

खरी गंमत इथं आहे आणि लोक चुकतात ते इथंच. आत अंधार, खिडकीत लख्ख ऊन, आणि या दोन्हींमधला फरक कोणत्याही सेन्सरला पूर्ण झेपत नाही. डोळ्यांना सगळं दिसतं म्हणून फोटोतही येईल असं वाटतं, येत नाही. तुम्हाला निवडावं लागतं. माझं मत सरळ आहे, उजेड वाचवा, अंधार जाऊ द्या. मोबाईलवर फरशीवर पडलेल्या उन्हाच्या तुकड्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, मग बोट खाली ओढून आणखी थोडं काळं करा. आता खांब अर्धे अंधारात गेले, कोपरे काळे झाले, पण उन्हाचा तुकडा शाबूत राहिला आणि त्याच्यामुळं आतली खोली समजते. ऑटो एचडीआर बंद करा, तो अंधार उपसून वर आणतो आणि सगळं राखाडी चिखल करून टाकतो.

कॅमेरा असेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, आयएसओ म्हणजे सेन्सर उजेड किती पकडतो ते १००, अपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ ८, ट्रायपॉड, आणि शटर, म्हणजे उजेड आत किती वेळ घ्यायचा ते, आतल्या अंधाराप्रमाणं पाव सेकंदापासून चार-पाच सेकंदांपर्यंत जाऊ शकतं. दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. ट्रायपॉड नसेल तर तिथं विटा काय कमी आहेत, रचा आणि वर ठेवा. बाहेरच्या कडक उन्हात साधा नियम असा की आयएसओ १०० ला एफ १६ आणि शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग, त्यावरून एफ ८ ला पाचशेवा. व्हाइट बॅलन्स (फोटोतला पिवळा-निळा रंग ठरवणारी सेटिंग) ऑटोवर सोडू नका, डेलाइटवर ठेवा, नाहीतर सावलीतला निळेपणा आणि उन्हाचा पिवळेपणा दोन्ही धुवून एकसारखे होतात, आणि दोन खिडक्यांचे दोन फोटो दोन वेगळ्या गावचे वाटतात.

पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं असतात, त्यातून फरशीवर गोल गोल कवडसे पडतात. भोक चौकोनी असो का वेडंवाकडं, ते लहान असलं की कवडसा गोलच पडतो (ऊन तिरपं असेल तर लांबट), कारण ती भोकाची नाही, सूर्याची प्रतिमा आहे, पिनहोल कॅमेऱ्यासारखी. वीस फुटांवरच्या भोकाचा कवडसा साधारण सव्वादोन इंचाचा होतो. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात, कधी ग्रहण लागलं आणि जिनिंग हाताशी असली तर सोडू नका. हे कवडसे मिनिटाला जवळपास इंचभर सरकतात. म्हणजे समोरच्या मशिनीच्या चाकावर कवडसा पडायला दीड फूट बाकी असेल तर वीस मिनिटं बसा, चहा प्या, कॅमेरा लावूनच ठेवा.

उन्हाचा झोत हवेत दिसायला हवेत काहीतरी पाहिजे. बंद जिनिंगमध्ये धूळ उडवायची तर एक बोरी झटकली तरी पुरते, तोंडाला रुमाल बांधून. आता खरी मजा चालू जिनिंगमध्ये, दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत हंगाम असतो, रुईचे तंतू हवेत तरंगत असतात आणि दुपारचा प्रत्येक झोत भरलेला दिसतो. पण तिथं धुराच्या कांड्या, उदबत्ती, सिगारेट, काहीच नाही, एक ठिणगी आणि गंजी गेली. युट्यूबवर पाहून स्मोक बॉम्ब घेऊन जाणारे हिरो असतात, त्यांच्यासोबत जाऊ नका. कामगारांना विचारून मगच त्यांचा फोटो काढा, मशिनीजवळ गळ्यातला पट्टा, दुपट्टा लोंबकळू देऊ नका, आणि रुई लेन्सवर चिकटते म्हणून लेन्स आत बदलू नका.

बारीक गोष्टी

मशिनीवर कंपनीचं नाव ओतलेलं असतं, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सच्या जिन भारतात भरपूर आल्या होत्या, तशी एखादी पाटी सापडू शकते. अंधारात अक्षरं दिसत नाहीत म्हणून समोरून टॉर्च मारू नका, सगळी सपाट होतात. खिडकीतून येणारं ऊन पांढऱ्या कापडावर नाहीतर थर्माकोलच्या तुकड्यावर घ्या आणि बाजूनं अक्षरांवर परतवा. पाटी ओल्या फडक्यानं चमकवायची नाही, खडूनं अक्षरं तर मुळीच भरायची नाहीत. पट्ट्याच्या पुलीचे दांडे, सरकीचा साठलेला थर, गाठींचे वजन लिहिलेली भिंत, हजेरीची खिडकी, हे सगळं जवळून काढा. फक्त धुराडं-धुराडं करत बसलं की कारखाना कळत नाही.

घरी आल्यावर

एडिटिंगमध्ये शॅडोची पट्टी उजवीकडं ओढायचा मोह होतो, ओढू नका, सावलीसाठीच तर एवढा वेळ बसलात. उभ्या रेघा सरळ करा, थोडा कॉन्ट्रास्ट, झालं. ब्लॅक अँड व्हाइट करायचं असेल तर रंगांच्या पट्ट्या वापरा, लाल पट्टी वर केली की विटा उजळतात आणि निळी खाली केली की आभाळ काळं पडतं. पिवळं-निळं भडक मात्र नको, हात जोडतो.

प्रत्येक फोटोखाली गाव, महिना, वेळ आणि कॅमेरा कोणत्या दिशेला होता एवढं लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तीच भिंत वेगळ्या महिन्यात काढताना हे कामी येतं, आणि इमारत पाडली तर कोणाला तरी तेवढाच नकाशा उरतो. पण नेटवर टाकताना बंद इमारतीचं लोकेशन नका टाकू, गाव सांगा फक्त. मोबाईल आपोआप लोकेशन फोटोत घुसवतो, ते सेटिंगमधून बंद करा. भंगारवाले पण फोटो पाहतात, ओतीव लोखंडाचा भाव त्यांना आपल्यापेक्षा चांगला माहीत आहे. चौकीदार काकांना मात्र दोन-तीन फोटो छापून नेऊन द्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेले नाही, कागदावरचे, आणि त्यांचा स्वतःचा एक त्यात असू द्या.